दान मागण्याचा विनय

दानाची महती सांगणारे लेखन आपल्याकडे विपुल आहे. परंतु दान कसे मागावे, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. विहार, वसतिगृह अथवा वाचनालय चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेस निधी लागतो. आपल्या वस्त्यांत तो बहुतांशी तुटपुंज्या मिळकतीच्या कुटुंबांकडूनच गोळा होतो. त्यातील रुपयामागे कोणाच्या तरी गरजेला घातलेली मुरड असते. यास्तव मागण्याची रीत हा केवळ व्यवहाराचा नव्हे, तर शीलाचाही विषय ठरतो. विनयपिटकात या विषयाचा सूक्ष्म विचार आढळतो. ते नियम भिक्खू व भिक्खुणी संघांसाठी असले, तरी आजच्या संस्थाचालकांना त्यांतून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

संघादिसेस प्रकरणातील सहाव्या नियमाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. आळवी येथील भिक्खू स्वतःसाठी कुटी बांधू लागले. त्यांना कोणी एक दाता नव्हता आणि बांधकामाला काही प्रमाणही नव्हते. त्यामुळे कुट्या पूर्ण होत नसत आणि याचना थांबत नसे. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, गवत द्या, माती द्या, असा तगादा चालूच राहिला. अखेर लोक भिक्खू दिसताच दार लावून घेऊ लागले किंवा दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. दुरून गाय दिसली तरी भिक्खूच आला असे समजून पळू लागले. महाकस्सप भिक्षेसाठी तेथे आले, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला. त्यावर भगवंतांनी मर्यादा घालून दिली : अशी कुटी सुगत-वितीने बारा वीत लांब व सात वीत रुंद असावी आणि तिची जागा इतर भिक्खूंना दाखवून त्यांची संमती घ्यावी.

येथे याचनेला सरसकट बंदी केलेली नाही. दोष दाखविला आहे तो अप्रमाण याचनेचा. वर्षानुवर्षे अर्धवट उभ्या असलेल्या सभागृहासाठी दरवर्षी नवे पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या समितीने ही कथा अवश्य आठवावी. किती खोल्या, किती खर्च, किती दिवसांत, हे आधी ठरले नाही, तर देणाऱ्याला आपल्या दानाने काय पूर्ण झाले ते कधीच कळत नाही. त्याची श्रद्धा आटते, आणि पुढे येणाऱ्या प्रामाणिक कार्यकर्त्यालाही बंद दारच भेटते.

मग चांगली याचना ओळखावी कशी? अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात दात्याची तीन अंगे सांगितली आहेत. देण्यापूर्वी त्याचे मन आनंदी असते, देताना ते प्रसन्न असते आणि दिल्यावर ते समाधानी असते. निधी गोळा करणाऱ्याने हीच आपल्या कामाची कसोटी मानावी.

देण्यापूर्वीचा आनंद दडपणाखाली टिकत नाही. ध्वनिक्षेपकावरून नावे व रकमा पुकारल्या की मोठ्या दात्याचा सन्मान होतो. परंतु पन्नास रुपये घेऊन आलेली उपासिका खाली मान घालून बसते. तिने उसनवारी करून आकडा वाढविला, तर ते दान नव्हे, लाजेपोटी भरलेला दंड होय. गोळा केलेल्या रकमेवर टक्केवारी देण्याची पद्धतही याच कारणाने टाळावी. कारण त्यामुळे मागणाऱ्याचे हित दात्यावरील दडपणाशी जोडले जाते.

देतानाची प्रसन्नता विश्वासावर उभी असते. रीतसर पावती, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि निधीचा स्पष्ट हेतू या गोष्टी दात्याने मागण्यापूर्वीच त्याच्या हाती पडाव्यात. शक्य तेथे देणगी बँकेमार्फत घ्यावी. आयकर सवलतीस पात्र असलेल्या रोख देणगीची मर्यादा २०१७ च्या वित्त अधिनियमाने १०,००० रुपयांवरून २,००० रुपयांवर आणली, त्यामागचा रोख हाच आहे.

दिल्यानंतरचे समाधान मात्र सर्वस्वी संस्थेच्या हाती असते, आणि बहुतेक संस्था येथेच कमी पडतात. भिक्खुणींच्या निस्सग्गिय नियमांत यावर नेमके बोट ठेवले आहे. उपासकांनी चीवरांसाठी वर्गणी जमवून ती एका कापड व्यापाऱ्याकडे ठेवली होती. भिक्खुणींनी त्यातून औषधे घेतली. औषध ही काही चैन नव्हे, तरीही लोकांनी आक्षेप घेतला आणि एका हेतूने दिलेल्या निधीतून दुसरी वस्तू घेऊ नये, असा नियम झाला. त्याला अपवादही सांगितले आहेत : उरलेला निधी वापरणे, देणाऱ्यांना विचारून वापरणे आणि आपत्तीच्या वेळी वापरणे. आज ग्रंथालयाच्या निधीतून विहाराचे छत दुरुस्त करू पाहणाऱ्या समितीला यापेक्षा निराळे सांगावे लागत नाही. छताची गरज खरी असेल, तरी आधी दात्यांना विचारावे.

सार्वजनिक न्यासांविषयीच्या १९५० च्या अधिनियमान्वये महाराष्ट्रातील नोंदणीकृत न्यासांवर हिशेब ठेवण्याचे बंधन आहे. परदेशी निधीवरील निर्बंध तर २०२० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाले. प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परंतु धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर झालेला हिशेब वस्तीतील दात्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. जमा, खर्च व शिल्लक यांचा साधा तक्ता विहाराच्या फलकावर दर पौर्णिमेस लावला, तर तो सर्वांना वाचता येतो. काम रखडले असेल, तर तेही तेथेच लिहावे.

अशा काटेकोरपणाने निधी कमी जमेल, अशी भीती अनेकांना वाटते. जेतवनाची कथा निराळेच सांगते. अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरली, तेव्हा दाराजवळची थोडी जागा उघडी राहिली. त्याने आणखी नाणी आणावयास सांगितली; परंतु त्याचे औदार्य पाहून जेत राजकुमाराने ती जागा आपल्या दानासाठी मागून घेतली आणि तेथे प्रवेशद्वार उभारले. जेताकडे हे दान कोणी मागितले नव्हते. चाललेले काम त्याला डोळ्यांसमोर दिसत होते, आणि आपला वाटा कोठे बसतो हेही दिसत होते. संस्थेने हिशेब व हेतू उघडे ठेवावेत, ते याचसाठी.