संध्याकाळी मिटणारी पापणी

सकाळी दोरीवर कपडे वाळत घातले, पोळ्या लाटल्या. दुपार टळली तसा हात वर जाईना, एक पापणी खाली येऊ लागली, रात्री घास चावता चावता जबडा थकला. झोपून उठल्यावर पुन्हा सगळं ठीक! अशा बाईला घरात 'कामाच्या वेळी बरी दुखणी येतात' हे ऐकावं लागतं आणि दवाखान्यात 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका' हे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या दुर्मीळ आजाराच्या कितीतरी रुग्णांची सुरुवात अशीच होते.

'खरा आजार दिवसभर सारखाच राहील.' सगळ्यांत जास्त नुकसान या समजाने केलं आहे. वापरला की थकणारा आणि विसावा मिळाला की सावरणारा स्नायू, हीच या आजाराची खूण. मेंदूचा आदेश नसेतून स्नायूपर्यंत पोहोचतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. ते टिपणाऱ्या स्नायूवरच्या जागांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. उरलेल्या जागा थोड्या वापरापुरतं भागवून नेतात, पुढे ताकद ओसरते. लंडनमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी १६७२ मध्येच एका स्त्रीबद्दल लिहून ठेवलं होतं, की बराच वेळ बोलल्यावर तिची वाचा बंद होई आणि काही वेळाने परत येई. म्हणजे ज्या चढउतारामुळे रुग्णाला खोटं ठरवलं जातं, तोच निदानाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. म्हणून सकाळी दहाच्या अपॉइंटमेंटला जाताना आदल्या संध्याकाळचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्यावा: पडलेली पापणी, मोठ्याने आकडे मोजता मोजता गेंगाणा होत जाणारा आवाज. डॉक्टरांना 'अशक्तपणा' एवढंच सांगू नये. काय करताना, किती वेळाने, हे सांगावं. एकाच्या जागी दोन दिसत असेल तर तेही. आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा, असं स्पष्ट म्हणावं. त्यात संकोच कसला?

'एमआरआय चांगला आला, रक्तातही काही नाही.' बिघाड मेंदूत नसतोच, मग मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसणार काय? नेमकी रक्ततपासणी अँटिबॉडीची असते. आजार अंगभर असलेल्या शंभरांतल्या साधारण ८५ जणांत ती पॉझिटिव्ह येते, फक्त डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्यांतच. त्यामुळे निगेटिव्ह अहवालावर विषय मिटत नाही. 'मस्क' ही दुसरी अँटिबॉडी आणि नसेला पुन्हा पुन्हा हलका विद्युतझटका देऊन केलेली चाचणी, हे पुढचे मार्ग. निदान झाल्यावर छातीचा सीटी स्कॅन सांगतात, तो थायमस ग्रंथीसाठी. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत तिथे गाठ सापडते.

'हा तरुण बायकांचा आजार.' चाळिशीच्या आत स्त्रियांत जास्त आढळतो, साठीनंतर पुरुषांत. आजोबांची पापणी 'वयामुळे' पडली असं धरून चालू नये. आणि हा आजार संसर्गाने पसरत नाही.

'आता आयुष्य संपलं.' नाही! १९३४ मध्ये ग्रिनिचच्या रुग्णालयात मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन देऊन रुग्णाची ताकद काही तासांपुरती परत आणून दाखवली. त्याच जातकुळीचं पायरिडोस्टिग्माइन आज गोळीच्या रूपात मिळतं. जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं आहेत, काहींना थायमस काढून टाकण्याचा फायदा होतो. अमिताभ बच्चन यांनाही हा आजार झाला होता, त्यानंतरचं त्यांचं काम आपण पाहतोच आहोत.

घरच्यांनी करण्यासारखं बरंच आहे. जड कामं औषधाचा असर असलेल्या वेळेत बसवावीत, रात्रीचं जेवण मऊ ठेवावं. कुठल्याही डॉक्टरकडे, दाताच्यासुद्धा, गेल्यावर आजाराचं नाव आधी सांगावं. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी नेहमीची अँटिबायोटिक्स आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी त्रास एकाएकी वाढू शकतो. रुग्णाला गिळता येईना, थुंकी आवरेना, एका दमात वाक्य पुरं होईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयातच न्या.