बासची नाव आणि झेब्रा शिंपला
अमेरिकेतील गोड्या पाण्यात हौसेने बास मासा धरणारे लोक गळ-दोरीची जेवढी निगा राखतात, तेवढी नावेत उरलेल्या पाण्याची फिकीर करीत नाहीत. वस्तुतः धोका तेथेच असतो. काळ्या व कॅस्पियन समुद्रांच्या परिसरातील झेब्रा शिंपला जहाजांतील तोलाच्या पाण्यातून आला व १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात प्रथम आढळला. त्याची पिले डोळ्यांना दिसत नाहीत. मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीतील ओंजळभर पाण्यातूनही ती दुसरे तळे गाठतात. पुढे हेच शिंपले यंत्र थंड ठेवणाऱ्या वाटा बुजवतात. म्हणून नाव काठाला येताच बूच काढून टाकी व तळ रिकामा करावा, चिकटलेल्या पाणवनस्पती काढाव्यात आणि निदान ५ दिवस नाव वाळू द्यावी. नुसत्या चिंधीने पुसून भागत नाही. शिंपला ओलाव्यात कित्येक दिवस तग धरतो.