डिजिटल कॅमेऱ्याची अतिरिक्त बॅटरी

डिजिटल कॅमेऱ्याची अतिरिक्त बॅटरी म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या बॅटरीखेरीज छायाचित्रकाराने जवळ बाळगलेली, त्याच मापाची आणि पुन्हा चार्ज करता येणारी दुसरी बॅटरी होय. अशी बॅटरी कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची घेता येते किंवा अन्य उत्पादकाने त्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेली पर्यायी बॅटरी घेता येते. पर्यायी बॅटरीची किंमत बहुधा मूळ बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते. त्यामुळे या दोहोंतील निवड हा हौशी तसेच व्यावसायिक छायाचित्रकारांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. किमतीखेरीज क्षमता, कॅमेऱ्याशी सुसंगती, सुरक्षितता आणि छायाचित्रणाच्या प्रसंगाचे महत्त्व या बाबींवर ही निवड अवलंबून असते.

रचना व कार्य

आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी वापरतात. या प्रकारची पहिली व्यापारी बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

लिथियम-आयनच्या एका घटाचा सरासरी विद्युतदाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या बॅटरीत असे दोन घट एकापाठोपाठ जोडलेले असतात. म्हणूनच तिच्यावर ७.२ किंवा ७.४ व्होल्ट असा आकडा छापलेला आढळतो. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक घटाचा विद्युतदाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्यापुढे चार्जिंग चालू राहिल्यास घट तापतो, फुगतो आणि क्वचित पेटही घेतो.

हे टाळण्यासाठी बॅटरीच्या आत एक छोटे संरक्षक परिपथ बसवलेले असते. अतिरिक्त चार्जिंग, प्रमाणाबाहेर रिकामी होणे आणि शॉर्ट सर्किट या तीन प्रसंगी ते प्रवाह तोडते. तापमान मोजणारा घटकही सहसा सोबत असतो. अनेक बॅटऱ्यांत याशिवाय एक ओळख-चिप असते. तिच्याद्वारे बॅटरी कॅमेऱ्याला आपली उरलेली क्षमता आणि आपले वय कळवते. घटांचा दर्जा, संरक्षक परिपथ आणि चिप या तिन्ही गोष्टी वेष्टनाआड असतात आणि दोन बॅटऱ्यांच्या किमतीतील फरक मुख्यतः त्यांच्यामुळेच पडतो.

प्रकार

बोलचालीत 'ओरिजिनल', 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' हे शब्द सैलपणे वापरले जातात. प्रत्यक्षात बाजारातील बॅटऱ्यांचे चार वर्ग पाडता येतात.

मूळ बॅटरी: कॅमेरा कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली. उदा. कॅननची एलपी-ई६ मालिका, निकॉनची ईएन-ईएल१५ मालिका, सोनीची एनपी-एफझेड१००.

नामांकित पर्यायी बॅटरी: कॅमेऱ्याच्या उपसाधनांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली. भारतात डिजिटेक, सिम्पेक्स अशा नावांच्या बॅटऱ्या मिळतात. उत्पादक किंवा आयातदार ज्ञात असल्याने तिच्याबाबत दाद मागता येते.

निनावी बॅटरी: वेष्टनावर केवळ कॅमेऱ्याचा किंवा बॅटरीचा क्रमांक असतो, परंतु उत्पादकाचा ठावठिकाणा नसतो.

बनावट बॅटरी: कॅमेरा कंपनीचे नाव व चिन्ह खोटेपणाने छापलेली. ती 'पर्यायी' या वर्गात मोडत नाही. कधीकधी ती मूळ बॅटरीच्याच किमतीला विकली जाते. अशा वेळी ग्राहकाचे पैसेही जातात आणि सुरक्षितताही मिळत नाही.

मूळ आणि पर्यायी यांच्यातील फरकापेक्षा ज्ञात उत्पादकाची आणि अज्ञात उत्पादकाची बॅटरी यांतील फरक अधिक मोठा आहे. जबाबदार उत्पादकाची पर्यायी बॅटरी आणि रस्त्यावरील निनावी बॅटरी यांना एकाच वर्गात टाकल्याने निवडीविषयीच्या चर्चेत बराच गोंधळ होतो.

क्षमतेचे आकडे

बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापतात. तिच्यात साठणारी एकूण ऊर्जा मात्र वॅट-तासांत मोजली जाते. विद्युतदाबाला अँपिअर-तासांनी गुणले की वॅट-तास मिळतात. सोनीच्या एनपी-एफझेड१०० या बॅटरीचा विद्युतदाब ७.२ व्होल्ट आणि क्षमता २,२८० मिलिअँपिअर-तास आहे. म्हणजेच तिच्यात ७.२ × २.२८ = सुमारे १६.४ वॅट-तास ऊर्जा साठते. तुलना करताना हाच आकडा पाहणे योग्य ठरते.

आकारमान ठरलेले असताना क्षमता मनाजोगी वाढवता येत नाही. कॅननच्या एलपी-ई६ मालिकेवरून याची कल्पना येते. २००८ मधील पहिल्या बॅटरीची क्षमता १,८०० मिलिअँपिअर-तास होती. २०१४ च्या एलपी-ई६एन मध्ये ती १,८६५ झाली आणि २०२० च्या एलपी-ई६एनएच मध्ये २,१३० झाली. बारा वर्षांतील ही वाढ सुमारे १८ टक्के भरते. त्यामुळे त्याच मापाच्या एखाद्या स्वस्त बॅटरीवर २,८०० किंवा ३,००० असा आकडा छापलेला असल्यास तो संशयास्पद मानावा लागतो. अशा बॅटरीचे वजन मूळ बॅटरीपेक्षा बरेच कमी भरल्यास तो संशय बळावतो.

एका चार्जिंगमध्ये किती छायाचित्रे निघतील याचे आकडे बहुतेक कंपन्या सीपा या जपानी उद्योगसंघटनेच्या पद्धतीनुसार देतात. ही चाचणी सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात होते. तीत दर तीस सेकंदांनी एक छायाचित्र घेतात आणि अंगभूत फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एकाआड एक छायाचित्रास फ्लॅश वापरतात. प्रत्यक्ष वापरात यापेक्षा बरीच अधिक किंवा बरीच कमी छायाचित्रे निघू शकतात. पडदा सतत चालू ठेवल्यास किंवा चलचित्रण केल्यास बॅटरी लवकर संपते.

कॅमेऱ्याशी सुसंगती

बॅटरी खणात बसली म्हणजे ती पूर्णतः सुसंगत आहे असे नाही. पर्यायी बॅटरीच्या चिपने अपुरी माहिती दिल्यास कॅमेरा उरलेल्या क्षमतेची टक्केवारी दाखवत नाही किंवा चुकीची दाखवतो. पडद्यावर निम्मी बॅटरी दिसत असताना कॅमेरा अचानक बंद पडणे ही पर्यायी बॅटरीबाबतची नेहमीची तक्रार आहे. कॅमेऱ्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर तोपर्यंत चालणारी पर्यायी बॅटरी नाकारली जाण्याचा संभवही असतो.

एकाच कंपनीच्या मूळ बॅटऱ्यांतही फरक असतात. निकॉनच्या झेड मालिकेतील यूएसबी चार्जिंगची सोय असलेल्या कॅमेऱ्यांत ईएन-ईएल१५बी व १५सी या बॅटऱ्या कॅमेऱ्यातच चार्ज करता येतात, परंतु जुन्या ईएन-ईएल१५ व १५ए बॅटऱ्यांना वेगळा चार्जर लागतो. म्हणून क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरासह पूर्ण क्रमांक जुळवून पाहणे आवश्यक असते.

मूळ नसलेल्या बॅटरीमुळे कॅमेऱ्यात बिघाड झाल्यास तो सहसा हमीत धरला जात नाही. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत तशी सूचना असते. हमीचा काळ चालू असलेल्या महागड्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

सुरक्षितता व नियम

मूळ बॅटरी म्हणजे संपूर्ण सुरक्षितता असेही नाही. निकॉनने २००५ साली ईएन-ईएल३ आणि २०१२ साली ईएन-ईएल१५ या बॅटऱ्यांचे काही उत्पादनसंच तापण्याच्या धोक्यामुळे परत मागवले व बदलून दिले. दोष कोणाच्याही उत्पादनात उद्भवू शकतो. परंतु उत्पादनसंचाची नोंद असलेल्या कंपनीला सदोष माल शोधून परत घेता येतो. निनावी बॅटरीच्या बाबतीत ही व्यवस्थाच नसते.

भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या अनिवार्य नोंदणीचा आदेश २०१२ साली काढण्यात आला आणि पुढे सुवाह्य उपकरणांच्या बॅटऱ्यांचाही त्यात समावेश झाला. अशा बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे भारतीय मानक लागू आहे. नोंदणीकृत बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' या रोमन अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर हा क्रमांक पडताळता येतो. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणेही बंधनकारक आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवावी लागते.

विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत. त्या हातातील सामानातच न्याव्या लागतात आणि त्यांचे धातूचे टोक झाकलेले असावे लागते. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सामान्यतः वेगळ्या परवानगीची गरज नसते. कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅटऱ्या या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात.

प्रसंगानुसार निवड: औंढा नागनाथचे उदाहरण

अतिरिक्त बॅटरीची गरज आणि तिच्या दर्जाचे महत्त्व स्थळ व प्रसंग यांवर कसे अवलंबून असते, हे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील छायाचित्रणावरून स्पष्ट होते. हे तालुक्याचे गाव असून येथील हेमाडपंती मंदिर परंपरेने बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. संत नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या भेटीची कथाही या मंदिराशी जोडलेली आहे. मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणातील दाट शिल्पकामाने भरलेला आहे, तर वरचे बांधकाम उत्तरकालीन आहे.

बाह्यभिंतींवरील शिल्पांचे शांतपणे छायाचित्रण करणारा विद्यार्थी किंवा अभ्यासक दिवसभरात शेकडो छायाचित्रे घेतो. शिल्पाचा तपशील नीट आला की नाही हे तो पुनःपुन्हा पडद्यावर पाहतो. येथे एक बॅटरी पुरत नाही. परंतु दुसरी बॅटरी मध्येच बंद पडली तरी शिल्प जागेवरच असते आणि राहिलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी घेता येते. अशा कामासाठी नोंदणीकृत, नामांकित पर्यायी बॅटरी पुरेशी ठरते. तिच्यामुळे वाचलेल्या पैशांत दुसरे मेमरी कार्ड घेता येते.

महाशिवरात्रीच्या यात्रेतील रथोत्सवाचे चित्रण करणाऱ्याची स्थिती निराळी असते. गर्दीतून निघालेला रथ छायाचित्रकारासाठी थांबत नाही आणि हुकलेला क्षण वर्षभर परत येत नाही. विवाहसमारंभातील मंगलाष्टकांच्या वेळीही असेच घडते. अशा प्रसंगी मूळ बॅटरी कॅमेऱ्यात ठेवणे आणि पर्यायी बॅटरी राखीव म्हणून खिशात बाळगणे हा मार्ग अनेक व्यावसायिक छायाचित्रकार स्वीकारतात. राखीव बॅटरी आधी दोन-तीन वेळा पूर्ण वापरून पाहिलेली असणे इष्ट असते.

मराठवाड्यातील उन्हाळा हा आणखी एक घटक आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि बंद मोटारीत ते याहून पुष्कळ वाढते. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते. हलक्या प्रतीची बॅटरी अशा उष्णतेत फुगून कॅमेऱ्याच्या खणात अडकू शकते. ती काढण्यासाठी कॅमेरा दुरुस्तीला द्यावा लागल्यास बॅटरीवर वाचवलेली रक्कम त्या खर्चात सहज निघून जाते. शिवाय लहान गावात ऐनवेळी नेमक्या क्रमांकाची बॅटरी मिळण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे खरेदी आणि चाचणी ही दोन्ही कामे प्रवासापूर्वीच उरकणे सोयीचे ठरते.

निगा व विल्हेवाट

लिथियम-आयन बॅटरी साधारणतः काही शे वेळा चार्ज होईपर्यंत समाधानकारक चालते. त्यानंतर तिची क्षमता हळूहळू घटत जाते. दीर्घकाळ न वापरायची असल्यास ती निम्म्याच्या आसपास चार्ज करून थंड व कोरड्या जागी ठेवतात. पूर्ण रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिल्यास ती निकामी होऊ शकते. बॅटऱ्यांवर १, २ असे क्रमांक व खरेदीचा महिना लिहून त्या आळीपाळीने वापरल्यास कोणती लवकर उतरते हे ध्यानात येते.

फुगलेली, गळणारी किंवा चार्ज होताना हाताला चटका बसेल इतकी तापणारी बॅटरी पुन्हा वापरू नये, तसेच ती दाबू किंवा टोचू नये. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकल्यास आग लागण्याचा धोका असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्याव्यात, अशी तरतूद याच नियमांत आहे.

हे सुद्धा पाहा

लिथियम-आयन बॅटरी
डिजिटल कॅमेरा
भारतीय मानक ब्यूरो
ई-कचरा
औंढा नागनाथ