नेट बंद पडले तेव्हा

२७ जानेवारी २०११ च्या रात्री होस्नी मुबारक यांच्या सरकारने इजिप्तमधले इंटरनेट जवळपास पूर्ण तोडले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मोबाइलही गप्प झाले. आदल्या मंगळवारी, पोलीस दिनाला, निदर्शने सुरू झाली होती. अलेक्झांड्रियात पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या खालिद सईद या तरुणाच्या नावाने वाएल घोनिम फेसबुकवर जे पान चालवत होते, तिथून त्यांची हाक सर्वदूर गेली होती. तेव्हा नेट तोडले की आंदोलन थंडावेल, हा सरकारचा हिशेब. घडले उलटेच. जुम्म्याची नमाज संपताच मशिदीमशिदींतून लोक निघाले. घरबसल्या काही कळेना, म्हणून बघायला आलेलेही त्यांत मिसळले. संध्याकाळपर्यंत कैरोच्या रस्त्यांवरून पोलीस हटले होते. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले. ‘फेसबुक क्रांती’ हे नाव जगभर रूढ झाले, पण मला ते अपुरे वाटते. समाजमाध्यमांनी हाक पोचवली, भीती मोडली. पण हुकूमशहा गेल्यावर सत्ता कोणाकडे जाणार, हे ठरले जमिनीवरच्या संघटनांच्या बळावर.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. ट्युनिशियातल्या गफ्सा या फॉस्फेटच्या खाणपट्ट्यात २००८ साली नोकरभरतीतल्या वशिलेबाजीविरुद्ध उठाव झाला. सहा महिने लोक झुंजले. पोलिसांनी वेढा घातला आणि उरलेल्या देशाला फारसा पत्ता न लागता तो चिरडला. १७ डिसेंबर २०१० रोजी सीदी बूझीदमध्ये माल जप्त झालेल्या मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा मात्र तिथल्या निदर्शनांचे चित्रण त्याच दिवशी फेसबुकवर चढले आणि तिथून अल जझीराने उचलले. महिनाभरात तिथले हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाले. मधल्या काळात फेसबुक घरोघरी पोचले नसते, तर सीदी बूझीदचेही गफ्सा झाले असते, हे मान्यच करायला हवे. पण ती दृश्ये पाहून गावोगाव मोर्चे उभे केले कोणी? यूजीटीटी या कामगार महासंघाच्या स्थानिक शाखांनी, शिक्षकांनी, वकिलांनी. संपाची हाक देणारे, सभेला जागा देणारे हात तिथे आधीपासून होते.

कैरोत, तहरीर चौकात जमलेल्या तरुणांपाशी नेमके हेच नव्हते. नेता नाही, म्हणून सरकारला पकडायला कोणी सापडेना. पण वाटाघाटीला बसायलाही कोणी नव्हते. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीची अखेरची लढत मुस्लिम ब्रदरहुडचे मोर्सी आणि मुबारक यांचे अखेरचे पंतप्रधान शफीक यांच्यात झाली, आणि वर्षभरात लष्कराने मोर्सींनाही हटवले. ट्युनिशियात २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्यांनंतर असाच कडेलोट समोर होता. तेव्हा यूजीटीटीने आणखी तीन संस्थांसह पक्षांना एका टेबलाशी बसवले, २०१४ मध्ये राज्यघटना आली. मग २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी तिथली संसद गोठवली, त्याचे काय? संघटना लोकशाहीला अमरपट्टा देत नाहीत, हे खरे. पण महागाई आणि बेरोजगारीने गांजलेले लोक त्या दिवशी आनंदाने रस्त्यावर आले, महासंघही सुरुवातीला कचरला. पुढच्याच वर्षी ‘खोटी बातमी’ पसरवण्याला पाच वर्षे कैदेचा हुकूम निघाला. फेसबुक तेव्हाही प्रत्येकाच्या हातात होते.

सुदानने धडा घेतला होता. तिथे व्यावसायिकांच्या संघाने मोर्चांच्या वेळा फेसबुकवर जाहीर केल्या खऱ्या, पण भार पेलला तो वस्त्यावस्त्यांतल्या प्रतिकार समित्यांनी. एप्रिल २०१९ मध्ये हुकूमशहा बशीर पडले. ३ जूनला खार्टूममध्ये लष्करी मुख्यालयासमोरच्या धरण्यावर गोळीबार झाला, नेट महिनाभर तोडले गेले. तरीही ३० जूनला प्रचंड मोर्चे निघाले, कारण समित्यांनी दारोदार जाऊन निरोप दिले, भिंती रंगवल्या. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, २०२३ मध्ये युद्ध पेटले. त्याच समित्यांतून उभ्या राहिलेल्या मदतगटांनी उपाशी वस्त्यांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. परदेशातल्या सुदानी लोकांचे पैसे त्यांना ‘बँकक’ या मोबाइल ॲपवरून येत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेट पुन्हा बंद पडले, तेव्हा माणसे होती, चुली होत्या, पण पैसे येईनात आणि खार्टूममधली अनेक स्वयंपाकघरे थांबली.