रनफ्लॅट टायरचे पंक्चर : दुरुस्ती की नवा टायर?

चाक आणि रस्ता : लेख सहावा

हवा पूर्ण गेली तरी काही अंतर चालत राहतो तो रनफ्लॅट टायर. साध्या ट्यूबलेस टायरमध्ये गाडीचे वजन मुख्यतः आत दाबून भरलेली हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, दुमडते आणि रिम तिला चिरडू लागते. रनफ्लॅटच्या साइडवॉलमध्ये उष्णता सोसणाऱ्या कडक रबराचा जादा थर असतो. हवा नसताना वजनाचा भार हा थर उचलतो, पण थोडाच वेळ. बहुतेक उत्पादकांनी त्याला घातलेली मर्यादा सारखीच आहे : वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत आणि अंतर ८० किलोमीटरपर्यंत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे ९४ किलोमीटर आहे. कळंबोलीला हवा गेली, तर देहूरोड गाठेपर्यंतही ही मुभा पुरत नाही. गाडी भरलेली असेल, ऊन कडक असेल किंवा वाटेत घाट असेल, तर ती आणखी आखडते.

भारतात हे टायर प्रामुख्याने बीएमडब्ल्यू, मिनी आणि मर्सिडीजच्या काही गाड्यांना बसवून येतात. ओळखण्यासाठी साइडवॉलवरची अक्षरे पाहावीत. ब्रिजस्टोनच्या टायरवर आरएफटी, मिशेलिनच्या टायरवर झेडपी, कॉन्टिनेंटलच्या टायरवर एसएसआर आणि गुडइयरच्या टायरवर आरओएफ असे लिहिलेले असते. अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, त्यामुळे पंक्चर झालेले चाक रस्त्याकडेला बदलता येत नाही. चालक त्याच चाकावर पुढे जातो आणि टायर दुकानात पोहोचतो तेव्हा कमी हवेवर काही किलोमीटर धावून आलेला असतो. दुरुस्तीचा प्रश्न अवघड होतो तो यामुळेच.

भोक आणि धाव

साध्या टायरचे पंक्चर काढताना भोक कुठे आहे आणि केवढे आहे, हे दोन प्रश्न पुरतात. रनफ्लॅटच्या बाबतीत तिसरा प्रश्न त्यांच्याहून वजनदार ठरतो : टायर किती कमी हवेवर, किती अंतर आणि किती वेगाने धावला?

सतरा इंची रिमवर बसणाऱ्या २२५/५० मापाच्या टायरचा परीघ सुमारे दोन मीटर असतो. एका किलोमीटरमध्ये तो जवळपास ५०० वेळा फिरतो. हवा नसताना प्रत्येक फेऱ्यात साइडवॉलचा रस्त्याकडचा भाग वजनाखाली दबतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणजे ३० किलोमीटरच्या प्रवासात भिंतीच्या प्रत्येक भागाला सुमारे १५,००० वेळा हा ताण बसतो. त्यातून उष्णता तयार होते. उष्णतेने रबर कमजोर होते आणि रबर व आतले धागे यांची पकड सुटू लागते. टायर बाहेरून मात्र धडधाकट दिसतो, कारण हवेविना आकार टिकवण्यासाठीच तो घडवलेला असतो.

चालकालाही हवा गेल्याचे सहसा जाणवत नाही. म्हणून रनफ्लॅट टायर असलेल्या गाडीत हवेच्या दाबावर नजर ठेवणारी टीपीएमएस यंत्रणा लागतेच. तिचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक चाकात सेन्सर बसवलेला असतो आणि तो प्रत्यक्ष दाब मोजतो. दुसऱ्यात एबीएसचे सेन्सर चाकांच्या फिरण्याचा वेग पाहतात. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, जास्त वेगाने फिरते आणि त्यावरून यंत्रणा अंदाज बांधते. अमेरिकेच्या नियमानुसार ठरवून दिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट होताच इशारा मिळायला हवा. म्हणजे ३२ पीएसआयच्या टायरचा दिवा २४ पीएसआयच्या सुमारास लागतो. दिवा लागणे म्हणजे टायर रिकामा होणे नव्हे. खिळा रुतून बसला आहे, हवा हळूहळू सुटते आहे आणि चालकाने दिवा दिसताच हवा भरून घेतली, अशा स्थितीत टायर हवेविना धावलेलाच नसतो. तो दुरुस्त होण्याची शक्यता चांगली असते. पडद्यावर शून्याजवळचा आकडा दिसत असताना गाडी महामार्गावरून हाकली असेल, तर भोक टाचणीएवढे असले तरी टायर संशयास्पद ठरतो.

जागा आणि आकार

ब्रिटनमध्ये टायरदुरुस्तीसाठी बीएस एयू १५९ हे मानक आहे. त्यानुसार किरकोळ दुरुस्ती फक्त ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाच्या, मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत करता येते. भोकाची मर्यादा ६ मिलिमीटर आहे. अमेरिकेतील टायर उद्योगही पाव इंचाची, म्हणजे जवळपास तेवढीच, मर्यादा पाळतो. ट्रेडच्या खाली पोलादी पट्टे असतात, तो भाग फारसा लवचत नाही आणि पॅच तिथे टिकतो. खांद्यापाशी, म्हणजे ट्रेड साइडवॉलला मिळतो तिथे, आणि साइडवॉलवर सतत लवचण्याची क्रिया चालू असते. तिथला पॅच सुटतो आणि वजन पेलणारे धागे तुटले असतील, तर ते कोणत्याही पॅचने जोडले जात नाहीत. रनफ्लॅटमध्ये सगळी मदार साइडवॉलवर असल्याने तिथल्या छेदाला दुरुस्ती नाहीच.

एका भोकाचा पॅच आधीच्या पॅचवर चढत असेल, तरीही दुरुस्ती करू नये. नक्षीची खोली पाहणेही गरजेचे आहे. भारतात मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोलीचे बंधन आहे. टायर त्या पातळीजवळ घासला असेल, तर दुरुस्तीचा खर्च वाया जातो.

आतून तपासणी

टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. आत काळी भुकटी किंवा रबराचे बारीक कण साचलेले दिसले, तर ते खरवडलेल्या अस्तराचे असतात. साइडवॉलच्या आतल्या बाजूने गोल फिरलेला, रंग उतरलेला पट्टा दिसला, तर ती जागा वारंवार दबून तापली आहे. अस्तरावर सुरकुत्या किंवा भेगा, उघडे पडलेले धागे, रिमला धरून बसणाऱ्या कडेवर झिजेच्या खुणा, यांपैकी एक जरी आढळली तरी टायर बाद समजावा.

खुणा दिसल्या नाहीत, म्हणून टायर निर्दोष ठरत नाही. रबर आणि धागे यांची सुटलेली पकड डोळ्यांना दिसेलच असे नाही. त्यामुळेच उत्पादकांची धोरणे वेगवेगळी आहेत. काही जण ठरावीक अटींवर एकदाच दुरुस्तीला परवानगी देतात, तर काही जण दुरुस्तीच नको म्हणतात. त्या त्या टायरच्या उत्पादकाची आणि गाडीच्या पुस्तिकेची सूचना पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. गाडी जुनी विकत घेतलेली असेल किंवा ती दुसऱ्याने चालवली असेल आणि टायर किती अंतर हवेविना धावला हे कोणालाच सांगता येत नसेल, तर तो बदलणे हाच सुरक्षित निर्णय.

योग्य दुरुस्तीची रीत

पेट्रोल पंपाशेजारी टायर न उतरवता बाहेरून स्ट्रिप ठोकतात. ती रनफ्लॅटसाठी पुरेशी नाही. आतली पाहणी होत नाही, हा तिचा पहिला दोष. स्ट्रिप आतले अस्तर नीट बंद करत नाही, हा दुसरा. फटीतून पाणी शिरले की पोलादी पट्ट्यांना गंज चढतो.

योग्य रीतीत आधी भोक साफ करून समान रुंदीचे करतात आणि आतून अस्तर घासून घेतात. नंतर रबर सोल्यूशन लावून मशरूम पॅच आतून ओढून बसवतात. त्याचा दांडा भोक भरतो आणि छत्री अस्तर बंद करते. छत्रीवरून रोलर फिरवून आतली हवा दाबून काढली की पॅच घट्ट बसतो. बाहेर आलेला दांडा कापून, हवा भरून, साबणाच्या पाण्याने गळती तपासतात आणि शेवटी व्हील बॅलन्सिंग करतात. रनफ्लॅटची भिंत कडक असल्याने तो उतरवायला जास्तीच्या हातांचे टायर चेंजर मशीन लागते. साध्या मशीनवर ओढाताण केली तर टायरची कड फाटते आणि चाकातला सेन्सर मोडतो. रस्त्यात सीलंट भरले असेल, तर ते कारागिराला आधी सांगावे.

नवा टायर घेताना

नवा टायर त्याच मापाचा, त्याच भार आणि वेग निर्देशांकाचा आणि रनफ्लॅटच असावा. गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेल्या टायरवर खूण असते, जसे बीएमडब्ल्यूसाठी तारा आणि मर्सिडीजच्या रनफ्लॅटसाठी एमओई. टायर कधी बनला हे साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांवरून कळते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

एका ॲक्सलवर एक रनफ्लॅट आणि एक साधा टायर बसवू नये. दोघांची भिंत वेगळी लवचते आणि वळणावर गाडीचा तोल बिघडतो. त्याच ॲक्सलवरचा दुसरा टायर बराच घासलेला असेल, तर जोडीच बदलावी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण परिघातला फरक पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर सतत ताण देतो. काही मालक रनफ्लॅट महाग म्हणून चारही टायर साधे घेतात. त्यांनी स्टेपनी किंवा पंक्चर किट आणि पंप गाडीत ठेवलाच पाहिजे.

थोडक्यात निर्णयाचा क्रम असा : भोक साइडवॉलवर किंवा खांद्यावर असेल, ६ मिलिमीटरपेक्षा मोठे असेल किंवा आत झिजेच्या खुणा असतील, तर टायर बदलावा. उत्पादकाची दुरुस्तीला मनाई असेल, तरीही बदलावा. भोक ट्रेडच्या मध्यभागी लहान असेल, टायर हवेविना धावला नसल्याची खात्री असेल आणि उत्पादकाची परवानगी असेल, तरच आतून मशरूम पॅच लावून तो वापरावा. खात्री नसेल, तर नवा टायर घ्यावा.