एका तासात 44 हजार ठोके

टायपिंग क्लासमध्ये ‘मराठी तीस’ची तयारी करणाऱ्याला मिनिटाला 30 शब्द काढायचे असतात. पाच ठोक्यांचा एक शब्द, म्हणजे सेकंदाला अडीच ठोके. ऐकायला किरकोळ वाटतं. पण इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘महाराष्ट्र’ टाइप करून बघा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. डोळ्यांना चार अक्षरं, बोटांना दहा ठोके, शिवाय ष साठी शिफ्ट. हे सगळं चार सेकंदांत.

आता अल्बर्ट टँगोराचा पराक्रम ऐका. 22 ऑक्टोबर 1923 रोजी या अमेरिकनाने अंडरवुडच्या विजेविना चालणाऱ्या टाइपरायटरवर सलग तासभर मिनिटाला 147 शब्दांचा वेग राखला. तासात 44,100 ठोके, सेकंदाला बारा! ओळीत 70 ठोके धरले, तर दर पावणेसहा सेकंदांनी कॅरेज ढकलायचं, असं 630 वेळा. कागद बदलायचे तेही याच तासात.

चुकीला माफी नव्हतीच. एका चुकीला दहा शब्द कापत. 1941 मध्ये मार्गारेट हॅमा यांनी आयबीएमच्या विजेच्या यंत्रावर तासात 9,316 शब्द काढले. 40 चुकांपायी 400 शब्द गेले आणि मिनिटाला 155 चा वेग 149 वर आला.

टँगोराच्या दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा बारावा भागच उरतो. दिवा लागलेला पाहून बटण दाबायलाही आपल्याला साधारण पाचवा भाग लागतो. म्हणजे अक्षर बघून कळ शोधायला सवडच नाही. एक बोट कळ दाबत असताना दुसरं निघालेलं असतं, नजर त्याच्याही पुढे. हात बसतो तो असा, आणि मला यातलं हेच सर्वांत अद्भुत वाटतं.

तो बसवायला काय लागतं? तीसच्या वेगाने रोज अर्धा तास म्हणजे 4,500 ठोके. टँगोराचा एक तास म्हणजे असा दहा दिवसांचा सराव. सहा महिन्यांत होतात 8 लाख 10 हजार ठोके. एका कळीला 50 ग्रॅम दाब धरला, तरी बोटांनी साडेचाळीस टन दाबलेले असतात!

वेग खरा तो टिकला तरच, म्हणून एका मिनिटाच्या टेस्टवर आलेला स्पीड खरा धरू नये. स्टाफ सिलेक्शनच्या इंग्रजी टायपिंग परीक्षेत पस्तीसच्या वेगाने दहा मिनिटं, म्हणजे 1,750 ठोके टिकायचं असतं. पाच-सहा मिनिटांनी खांदे वर चढतात, करंगळी ढिली पडते, चुका तिथे सुरू होतात. घड्याळ लावून आधी एक मिनिट, मग तीन, मग दहा असं वाढवत न्या. वेळ वाढवताना चुका वाढल्या, तर वेग थोडा उतरवा, पण मध्येच थांबू नका. शेवटच्या पंधरवड्यात पंधरा मिनिटांचे पॅसेज घ्या.