आमचा मतदारसंघ कोणता?

"बाबा, इथे मतदारसंघ निवडायचाय. आपला कुठला?"

मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. नुकतीच अठरा वर्षांची झालेली. जन्म कुवेतचा, शाळा कुवेतची, पण पासपोर्ट भारतीय आणि त्यावरचा पत्ता मालवण तालुक्यातल्या आमच्या गावचा. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना मतदार यादीत नाव घालण्यासाठी '६ अ' नावाचा फॉर्म असतो, तो ती भरत होती.

"मालवण," मी स्वयंपाकघरातूनच ओरडलो.

"यादीत मालवण नाहीच आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मालवण शहर आहे, तालुका आहे, किल्ला आहे, पण मालवण नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला. आमचं गाव आता कुडाळ मतदारसंघात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. २०१९ मध्ये मी स्वतः तिथे जाऊन मत दिलं आहे. पण तोंडात मात्र अजून मालवणच येतं. माणूस ज्या वर्षी गाव सोडतो, त्या वर्षीचा नकाशा बरोबर घेऊन निघतो आणि पुढे तोच वापरत राहतो.

मी २००२ साली इथे आलो आणि तेव्हापासून हवल्लीतच आहे. ज्यांनी कुवेत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुवेत शहराला लागून असलेला हा दाट वस्तीचा भाग. तुनिस स्ट्रीट, बैरुत स्ट्रीट, इब्न खल्दून स्ट्रीटवरची कॉम्प्युटरची दुकानं, जुन्या इमारती आणि त्यांच्या खिडक्याखिडक्यांत एसी. १९९० च्या आधी इथे पॅलेस्टिनी लोकांची मोठी वस्ती होती. आता इजिप्शियन, सिरियन, फिलिपिनो आणि आपण भारतीय. आमच्या इमारतीत कुवेती नागरिकाचं एकही घर नाही.

आणि तरीही हवल्ली हा एक मतदारसंघ होता! मी आलो तेव्हा कुवेतमध्ये २५ मतदारसंघ होते आणि हवल्ली हा आठव्या क्रमांकाचा. प्रत्येकातून दोन प्रतिनिधी, एकूण ५०. त्याआधी, १९६३ च्या पहिल्या राष्ट्रीय सभेच्या वेळी, मतदारसंघ दहाच होते आणि प्रत्येकी पाच प्रतिनिधी. १९८१ च्या निवडणुकीपासून दहाचे पंचवीस झाले.

२००६ च्या मे महिन्यात ऑफिसातला एक कुवेती सहकारी गळ्यात नारिंगी रुमाल घालून आला. मला आधी वाटलं, फुटबॉलचं काहीतरी असावं. मग त्याने समजावून सांगितलं. तरुण मुलामुलींची मागणी होती, पंचवीसचे पाच करा. 'नबीहा खम्सा', म्हणजे 'आम्हाला पाच हवेत'. मी विचारलं, पंचवीस काय आणि पाच काय, माणसं पन्नासच निवडून येणार ना? तो हसला. म्हणाला, मतदारसंघ एवढासा असला की काही हजार मतं पुरतात. तेवढी मतं विकत घेता येतात, नाहीतर नात्यागोत्यात गोळा करता येतात. मतदारसंघ मोठा झाला की तसं करणं कठीण जातं.

आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या वॉर्डाची निवडणूक ज्याने पाहिली आहे, त्याला हे अरबी न येताही कळेल.

त्या गदारोळात सभा बरखास्त झाली. २९ जून २००६ ला निवडणूक झाली आणि कुवेती बायकांनी राष्ट्रीय सभेसाठी पहिल्यांदा मतदान केलं. त्यांना मताधिकार आदल्या वर्षीच मिळाला होता. नव्या सभेने पाच मतदारसंघांचा कायदा केला आणि २००८ पासून तो लागू झाला. हवल्ली, साल्मिया, रुमैथिया, सल्वा आणि समुद्रातलं फैलका बेटसुद्धा मिळून 'पहिला मतदारसंघ' झाला. दहा प्रतिनिधी आणि प्रत्येक मतदाराला चार मतं. पुढे २०१२ मध्ये चाराचं एक मत झालं. २००९ च्या निवडणुकीत चार महिला प्रथमच निवडून आल्या. त्यातल्या मासूमा अल-मुबारक आमच्या या पहिल्या मतदारसंघातल्या. 'आमच्या' म्हणालो खरा, पण माझा त्यात काय वाटा? निवडणुकीच्या दिवशी शाळेत मतदान केंद्र असायचं आणि मुलीला सुट्टी मिळायची, एवढाच.

योगायोग बघा. ज्या २००८ साली हवल्ली पहिल्या मतदारसंघात विरघळली, त्याच साली तिकडे मालवण कुडाळमध्ये विरघळलं. एकाच वर्षात मी राहतो तो आणि मी जिथला तो, दोन्ही मतदारसंघ नकाशावरून पुसले गेले.

तिकडचं पुसलं जाणं जास्त लागलं. कारण फक्त मालवण गेलं नाही. वेंगुर्ले गेलं, देवगड गेलं आणि लोकसभेचा राजापूर मतदारसंघही गेला. सिंधुदुर्गात विधानसभेच्या चार जागा होत्या, त्या तीन झाल्या. रत्नागिरीच्या सातच्या पाच. इथला माझा एक मित्र खेडचा आहे. त्याचा खेड मतदारसंघ गेलाच, शिवाय लोकसभेला ते रायगडला जोडले गेले. तो म्हणतो, "जिल्हा रत्नागिरी, खासदार रायगडचा. कुणाचा फोटो घरात लावू?"

राजापूर ही काही साधी जागा नव्हती. १९५७, १९६२ आणि १९६७ असं तीनदा तिथून नाथ पै निवडून गेले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत इंदिराबाईंच्या लाटेतही लोकांनी मधु दंडवते यांना पाठवलं. ते सलग पाच वेळा जिंकले. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. १९९१ मध्ये सुधीर सावंत आले, १९९६ पासून २००९ पर्यंत सुरेश प्रभू. नंतर मतदारसंघाचं नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग. आधी नीलेश राणे, मग दोनदा विनायक राऊत, आणि २०२४ मध्ये नारायण राणे. माझ्या वडिलांना ही यादी तोंडपाठ आहे. त्यांचं पहिलं मत १९६७ साली, नाथ पैंना. गावातल्या घटना ते अजून तशाच सांगतात. विहीर नाथ पैंच्या वेळची, वीज दंडवत्यांच्या वेळची.

मतदारसंघ गेला तेव्हा मी फोनवर तावातावाने बोललो होतो. कोकणावर अन्याय, मुंबईतल्यांचा डाव वगैरे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गावात माणसांच ऱ्हवली नाय, तर आमदार कित्याक देतले?"

त्यावर मला उत्तर नव्हतं. कारण हिशोब तोच होता. राज्यातल्या जागा तेवढ्याच, २८८. त्या २००१ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत वाटल्या गेल्या. ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. ठाण्यात वाढलेली माणसं कुठून आली? त्यात आमच्या गावची किती! आणि जी ठाण्याला, मुंबईला गेली नाहीत ती आमच्यासारखी आखातात आली. पुढच्या जनगणनेत तर चित्र आणखी स्पष्ट झालं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. सगळ्या देशाची लोकसंख्या वाढत होती आणि आमचे दोन जिल्हे आटत होते.

म्हणजे मालवण मतदारसंघ कुणी चोरला नाही. आम्ही बॅगा भरल्या आणि थोडा थोडा करून तोही बरोबर नेला. आणि आणला तो कुठे? हवल्लीत. इथे तो उघडायची सोयच नाही. कुवेतची लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात. त्यात कुवेती नागरिक तिसरा हिस्साही नाहीत. भारतीयच दहा लाखांच्या आसपास. इथले मतदारसंघ नागरिकांचे, आणि ते योग्यच आहे. त्यांचा देश, त्यांचं मत. आपण कामाला आलो आहोत हे मी कधी विसरलो नाही. पण गंमत अशी की, जिथे राहतो तिथे मतदार म्हणून मोजत नाहीत, आणि जिथे मतदार आहोत तिथे राहत नाही म्हणून जनगणनेत मोजत नाहीत.

आता मतदार म्हणून तरी आहोत का, तेही सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये मी सुट्टी काढून गावी गेलो होतो. केंद्रावर गेलो तर यादीत माझं नावच नाही. खूप वर्षं इथे राहत नाही म्हणून कमी झालेलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अरे, तुझा नाव गेला? तू तर आसस!" हातात पासपोर्ट घेऊन मी शाळेच्या पडवीत उभा होतो. ज्या शाळेत पाढे शिकलो तीच ही शाळा. रांगेतले सगळे ओळखीचे. आणि मी तेवढा पाहुणा.

मग चौकशी केली. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन २०११ पासून परदेशस्थ भारतीयांना मतदार होता येतं, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं, एवढी मुख्य अट. पासपोर्टवरच्या पत्त्याप्रमाणे नाव लागतं. पण मत द्यायला स्वतः, मूळ पासपोर्ट घेऊन, त्याच केंद्रावर जावं लागतं. आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यावं, असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत येण्याआधीच २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.

२०१९ च्या एप्रिलमध्ये गेलो आणि मत दिलं. बोटाला शाई लागली तेव्हा बाबा बाजूला उभे होते. काही बोलले नाहीत, पण घरी येताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "झिल कुवेतसून इलो, मतदानाक."

२०२४ मध्ये मात्र जमलं नाही. ७ मे ला आमच्याकडे मतदान होतं. तिकिटाचे दर बघितले, ऑफिसात रजेचं विचारलं, मग हिशोब केला आणि गप्प बसलो. त्या निवडणुकीत देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष जाऊन मत दिलं जेमतेम तीन हजारांनी, त्यातले बहुतेक केरळचे. न गेलेल्या बाकीच्यांत मी एक. बाबांना सांगितलं तेव्हा "बरा" एवढंच म्हणाले.

तीनच दिवसांनी, १० मे ला, कुवेतच्या अमीरांनी राष्ट्रीय सभा बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. सभेची निवडणूक महिनाभरापूर्वीच, ४ एप्रिलला, रमजानात झाली होती. दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत मतदान. त्या राजकारणावर बोलायचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्या दिवशी नारिंगी रुमालवाला तो सहकारी, आता त्याचेही केस पिकलेत, चहाचा पेला घेऊन बराच वेळ खिडकीशी उभा होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "तुमच्याकडे परवा मतदान होतं ना? दिलंस?"

मी नाही म्हणालो. तो काहीच बोलला नाही. मला उगाचच लाज वाटली.

म्हणूनच मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा मी फॉर्मचं काढलं. तिला आधी पटलं नाही. "मी तिथे कधी राहिलेच नाही. तिथला रस्ता, पाणी, मला काय माहीत? मी मत देणं बरोबर आहे का?" प्रश्न खोटा नाही. मी तिला म्हटलं, मत कुणाला द्यायचं ते तिथे जाऊन, चार लोकांना विचारून ठरव. नाहीतर देऊ नकोस. पण नाव असू दे. घटनेप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर सीमा पुन्हा आखायच्या आहेत आणि जनगणना २०२७ मध्ये आहे. उद्या कुडाळही राहील की नाही, कोण जाणे. त्या जनगणनेत आपण धरले जाणार नाही. निदान यादीत तरी असू.

तिने यादीतून कुडाळ निवडलं. पत्ता पासपोर्टवरून बघून बघून भरला. वाडीचं नाव लिहिताना अडली, तेव्हा आजोबांना फोन लावला. त्यांनी वाडी, गाव, पोस्ट, तालुका सगळं सावकाश सांगितलं आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "मतदारसंघ कुडाळ घाल हां. मालवण नको."

काही आठवड्यांनी नाव लागलं. बाबांनी गावातून यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक मिळवला आणि मला फोनवर वाचून दाखवला. त्यांच्या नावाच्या यादीतच नातीचंही नाव. मग विचारलं, "ह्या खेपेक दोघांयनी येतलास मा?"

तुमच्याही घरात कोणी अठरा वर्षांचं झालं असेल, तर पासपोर्टवरचा पत्ता एकदा काढून बघा. आणि तो आज कुठल्या मतदारसंघात मोडतो, हेही बघून ठेवा. बहुतेक तुमच्या तोंडात येईल ते नाव आता नसेल.